शोळिंगनल्लूरमधला चिनी मोसम

चेन्नईत तीन आठवडे राहून आलो म्हटलं की कोल्हापुरात लोक विचारतात, समुद्र पाहिला का, देवळं पाहिली का, कांचीपुरमला जाऊन साड्या आणल्या का. यातलं मी काहीच केलं नाही. मी चेन्नईत चीनचा फुटबॉल पाहिला. तोही तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा, मोसमाच्या शेवटच्या तीन फेऱ्या. त्यातल्या एका फेरीत मी एकच शब्द बोललो आणि माझ्या मुलीचं वर्षभराचं काम धोक्यात घातलं. म्हणून हे प्रवासवर्णन जरा वेगळं आहे.

मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. त्याहून जास्त वर्षं कोल्हापूरच्या मैदानावर रेफ्री होतो. आमच्याकडे पेठांचे सामने असतात तेव्हा एका बाजूची पेठ खूश झाली की दुसरी तुमच्या घराचा पत्ता विचारत हिंडते. अशा ठिकाणी टिकायचं तर एक गोष्ट लागते, ती म्हणजे ठाम आवाज. शिट्टी वाजवली की मागे बघायचं नाही. चुकलात तरी असे चुका की समोरच्याला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यावी. या जोरावर मी निभावून नेलं. यंदा असोसिएशनने मला सामन्यांचा निरीक्षक नेमायचं ठरवलं होतं आणि माझा उजवा डोळा मात्र दगा देत होता. समोर पाहिलं की बरोबर मध्ये एक धुरकट डाग दिसायचा, आणि डावाही अंधुक होत चालला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं, लेकीला भेटून येतो. लेकीला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदलायचाय, तुमच्याकडे मोठी इस्पितळं आहेत. दोन्ही अर्धं अर्धं खरं होतं.

शोळिंगनल्लूर

मानसी, माझी मुलगी, शोळिंगनल्लूरला नवव्या मजल्यावर राहते. जावई वेंकट तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याची आई नुंगंबाक्कमला असते आणि तो स्वतः त्या दिवसांत कामासाठी बेंगळुरूला होता. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. खिडकीतून एकीकडे काचेच्या इमारती आणि दुसरीकडे दलदल, तिच्यात पांढरे बगळे. ऑक्टोबर संपत आला होता तरी अंगाला चिकटणारी हवा. आमच्याकडे या दिवसांत पहाटे शाल लागते असं मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मानसीने पंखा वाढवला आणि विषय बदलला.

तिचं काम मला नीट कळायला दोन दिवस लागले. जगातल्या कुठल्याकुठल्या लीगचे सामने चालू असताना तिच्या ऑफिसातली पोरं पडद्यावर बघून प्रत्येक पासची, प्रत्येक फाउलची नोंद करतात. एक बोलतो, दुसरा टंकतो. ज्याला बोलायचं त्याला कॉलर म्हणतात. मानसी कॉलर होती आणि मार्चपासून तिच्याकडे ही चिनी लीग होती. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे दुपारी तीनची मॅच हिला साडेबाराला. सगळ्या मोसमात शनिवारी वेळेवर जेवलेली नाही. मी म्हणालो, अगं, बगळ्यासारखी झालीस. ती म्हणाली, बाबा, नोव्हेंबर संपू दे.

नोव्हेंबरकडे तिचे डोळे लागण्याचं कारण होतं. मोसम संपला की कॉलरमधून एक जण तपासनीस होणार होता, म्हणजे दुसऱ्यांच्या नोंदी तपासणारा. मानसीचं नाव पुढे होतं. नियम साधा होता: मोसमभरात मोठ्या नोंदींमध्ये दोन चुका चालतात, तिसरी झाली की तपासनीसपद तर गेलंच, लीगसुद्धा काढून घेतात आणि पुन्हा शाळकरी पोरांच्या सामन्यांपासून सुरुवात. मोठी नोंद म्हणजे गोल, कार्ड, पेनल्टी आणि कोणाच्या चुकीने गोल झाला ते. मानसीच्या दोन चुका मे महिन्यातच होऊन गेल्या होत्या. तेव्हापासून ती दुधाने तोंड पोळल्यासारखी ताक फुंकून पीत होती.

काचेपलीकडून

पहिल्या शनिवारी तिने परवानगी काढून मला ऑफिसात नेलं. आत जाता येत नाही. काचेबाहेर खुर्ची टाकून दिली आणि कानाला लावायला एक हेडफोन. आत दोघं दोघं बसलेले. मानसीशेजारी तिची जोडीदार कयल, गालावर खळी पडणारी, टंकताना पडद्याकडे न बघणारी मुलगी. दोघींचं बोलणं इंग्रजी आकड्यांत: सेव्हन टू टेन, टेन लूज, फोर. मधूनच तमिळ. मधूनच, मला चमकवून टाकणारं, तात्या.

तात्या म्हणजे आठ नंबर. पडदा धूसर, पाठीवरचे आकडे निम्मा वेळ दिसत नाहीत आणि चिनी नावं यांच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून या मुलींनी खेळाडूंना आपल्या घरची नावं ठेवली होती. पळताना कोपर बाहेर काढणारा तो बस कंडक्टर. गोलकीपर पेरियप्पा, म्हणजे मोठे काका. तीन नंबरचा बॅक नवरदेव, कारण सतत केस सारखे करतो. आणि आठ नंबर, पस्तिशीकडे झुकलेला, डावा खांदा पाडून पळणारा, पोरांना हातवारे करत ओरडणारा, त्याला मानसीने तात्या ठेवलं होतं. माणूस चालीवरून ओळखायचा, आकड्यावरून नाही, हे तिचं काम. पाठमोरा, पावसात, पन्नास जणांतून ती ओळखते.

तात्याची टीम डोंगराळ भागातल्या कुठल्याशा चहाच्या गावची. तळाला होती. उरलेल्या तीन फेऱ्यांत तीन गुण मिळवले नाहीत तर खालच्या श्रेणीत जाणार. मला का कोण जाणे, त्या म्हाताऱ्याचा लळा लागला. आमच्याकडेही असा एक असतोच प्रत्येक तालमीच्या संघात, गुडघा बांधून उतरणारा. त्या दिवशी त्यांनी बरोबरी केली आणि मी काचेबाहेर एकटाच टाळ्या वाजवत होतो. सिक्युरिटीवाल्याने येऊन हात जोडले, सर, हळू.

पावसाचा शनिवार

पुढच्या आठवड्यात समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि शुक्रवारपासून पाऊस जो लागला तो थांबेचना. शनिवारी सकाळी ऑफिसच्या गेटपाशी गुडघाभर पाणी. सगळ्यांना घरून काम करा असा निरोप आला. कयल तिच्या घरी, मानसी इथे, दोघींच्या कानात हेडफोन. खाली जिन्यापाशी चपला तरंगत होत्या, लिफ्ट बंद. वीज दोनदा जाऊन आली होती. मानसीच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. मला म्हणाली, बाबा, तुम्ही मागे बसा, पण बोलू नका हं. मी कसला बोलतोय, म्हणालो.

सत्तर मिनिटं मी शब्द काढला नाही. एक-एक बरोबरी होती. मग लॅपटॉपची बॅटरी उतरल्याची खूण झाली. मानसी बोलता बोलता टेबलाखाली वाकली, वायर सैल झाली होती. तेवढ्यात चहावाल्यांच्या अर्ध्यात कोणीतरी मागे पास द्यायला गेला, तो आखूड पडला, समोरचा पोरगा मध्ये घुसला आणि गोल. तीन सेकंदांचा खेळ. मानसीने टेबलाखालून विचारलं, "बाबा, कोण?"

मी पाहिलं होतं म्हणजे काय, तर हिरव्यात एक निळी पाठ आणि पाठीवर मधोमध तो धुरकट डाग. डागाच्या कडेने दोन गोल वळसे दिसले. आठ असेल. नसेलही. पण मला "दिसलं नाही" हे शब्द म्हणायची सवयच नाही. मैदानावर ते म्हणणारा रेफ्री दुसऱ्या दिवशी घरी बसतो.

"आठ," मी म्हणालो. शिट्टीसारखा स्वच्छ आवाज.

मानसी वर आली. पडद्यावर पाहिलं. क्षणभर थांबली, मग माइकमध्ये म्हणाली, "एट." तिकडे कयलने टंकलं. चहावाले सामना दोन-एक हरले.

एरवी सामना संपल्यावर दुसरी जोडी चित्रफीत पाहून नोंदी पडताळते. त्या दिवशी पावसात ऑफिसची वीज गेली होती आणि नेमकी तेवढी मिनिटं साठवलीच गेली नव्हती. त्यामुळे थेट बोललेलं तेच पक्कं धरलं गेलं. संध्याकाळी मानसीने ते मला सांगितलं, सहज, ताटं लावता लावता. मी भाताकडे बघत होतो. जेवण गेलं नाही.

नुंगंबाक्कम

पाणी ओसरल्यावर बुधवारी विहीणबाईंकडे जेवायला गेलो. मानसीला रजा नव्हती, एकटाच गेलो. शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या, नीटनेटक्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांचं मराठी जुन्या कागदपत्रांतलं, वर तमिळचा हेल. पहिली पाच मिनिटं कान लावून बसावं लागतं. ताटात रसवांगी होती, म्हणजे वांग्याची तुरीची डाळ आणि खोबरं घालून केलेली भाजी. आमच्या वांग्याला कूट आणि चटणी लागते, यांच्याला चिंच. चव छान, पण माझं लक्ष नव्हतं. बसमध्ये कयलने मानसीला पाठवलेली आणि मानसीने मला पाठवलेली एक चित्रफीत मी बघितली होती. तिकडच्या कुठल्या प्रेक्षकाने गोलच्या मागून फोनवर काढलेला तोच गोल. सहज गंमत म्हणून पाठवलेला. मी उजवा डोळा मिटून, फोन नाकाला लावून चार वेळा पाहिला. चुकणाऱ्याने पास दिल्यावर दोन्ही हातांनी केस मागे सारले. पाठीवर तीन. नवरदेव.

तात्या कुठे होता ते त्या चित्रफितीत दिसतही नव्हतं, इतका तो लांब होता.

ताक घेताना मी ते पेल्याच्या बाहेर ओतलं. पुसायला फडकं घ्यायला गेलो तर फडक्याच्या शेजारी हात टाकला. विहीणबाईंनी फडकं उचललं. त्यांनी पुसलं, पेला भरला, माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या.

"तुम्हांस दिसत नाहीं, की?" त्यांनी विचारलं.

मी चष्म्याच्या नंबराचं सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या घरचे असेच होते. पायांत घाव जाहला, कोणांस बोलले नाहींत. अस्क्यांस शेवटीं कळलं. मानसीस सांगा, पा." अस्के म्हणजे सगळे.

परतताना मला बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी बाहेरचं काहीही पाहिलं नाही. मनात हिशेब चालू होता. मी गप्प बसलो तर कोणाला कळणार? मोसमाच्या नोंदी सोमवारी दुपारी बंद होतात, हे मानसीनेच सांगितलं होतं. मग त्या क्लबांकडे जातात. ते बघून तिकडे ठरवतात, पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं. पस्तिशीच्या माणसाच्या नावापुढे असली चूक म्हणजे त्याला काढायला आयतं कारण. आणि सांगितलं तर मानसीची तिसरी चूक. एका बाजूला माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला ज्याने माझं तोंडही पाहिलेलं नाही असा माणूस. तरीही मला ते सोपं जात नव्हतं. इतकी वर्षं मी पेठेच्या पोराला आणि शेजाऱ्याच्या पोराला एकच शिट्टी लावली, याचाच तर मला तोरा.

घरी गेलो. मानसीने विचारलं, जेवण कसं होतं. छान होतं, म्हणालो. गुरुवारी सांगू म्हटलं, शुक्रवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी ती सोसायटीच्या खालच्या दुकानातून मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, घेऊन आली, म्हणाली, तपासनीस झाले की तुम्हाला आणि आईला महाबलीपुरम दाखवते. मी मुरुक्कू हातात धरून बसलो.

शेवटची फेरी

शेवटच्या शनिवारी ऑफिस उघडलं होतं. मी पुन्हा काचेबाहेर. लीगच्या शेवटच्या फेरीत सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये. आत आठ जोड्या एकदम बोलत होत्या. काचेतून नुसते हलणारे ओठ दिसत होते आणि कानात माझ्या मुलीचा एकसुरी आवाज.

मागच्या शनिवारच्या हारीमुळे चहावाल्यांना आता जिंकावंच लागणार होतं. तो एक पास आखूड पडला नसता तर आज बरोबरीवरही भागलं असतं. ते जिंकले नाहीत. शून्य-शून्य. शिट्टी झाली तशी पोरं जिथल्या तिथे बसली. तात्या बसला नाही. डावा खांदा पाडून तो एकेकापाशी गेला, हात देऊन उठवत गेला. नवरदेवापाशी सगळ्यात जास्त थांबला. मानसीच्या नोंदींत आता काही नव्हतं, सामना संपला होता, पण तिचा माइक चालू होता आणि त्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. मला रडू आलं. काचेबाहेर बसून एक म्हातारा मास्तर रडतोय हे त्या सिक्युरिटीवाल्याने पाहिलं आणि पाण्याची बाटली आणून दिली.

संध्याकाळी आम्ही रस्त्यापलीकडच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेलो. मी कॉफी पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, ओतली नाही, सांडेल म्हणून. आणि सांगून टाकलं. आधी गोलचं, मग डोळ्याचं. म्हटलं, तो आठ नव्हता. मी पाहिलंच नव्हतं. मला समोरचं दिसत नाही.

मानसीने पेला खाली ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

मला कळेना, काय माहीत होतं.

"टेबलाखालून वर आले तेव्हा तात्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. इतक्या लवकर तो तिकडे पोचूच शकत नाही. मला लगेच कळलं तो आठ नव्हता."

"मग एट का म्हणालीस?"

 ती म्हणाली, मी स्टेशनवर उतरलो तेव्हापासून तिने पाहिलं होतं. मी मान तिरकी करून बघतो, जिना उतरताना पायाने आधी चाचपतो, पूर्वी चालायचो तसा चालत नाही. ती वाट बघत होती की मी सांगेन. "तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात. कयल ऐकत होती. मी बदललं असतं तर तिच्यासमोर म्हणावं लागलं असतं की माझ्या बाबांना दिसत नाही. तोंडातून निघालंच नाही माझ्या. आणि मग एक आठवडा मी झोपले नाही."

तेव्हा मात्र तिला राग आला. माझा, स्वतःचा, दोघांचा. माझ्या आंधळेपणाला तिने सांभाळून घ्यावं असं मी तिला वाढवलं का, असं काहीसं ती बोलली आणि पेला बाजूला सारला. कॉफी थंड झाली. मी म्हणालो, सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे. ती म्हणाली, हो.

सोमवार आणि मंगळवार

सोमवारी सकाळी तिने दुरुस्ती पाठवली. मी म्हटलं होतं, माझं नाव घाल, मी सांगितलं म्हणून चुकलं असं लिही. तिने ऐकलं नाही. कॉलर मी होते, एवढंच म्हणाली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, चेंडू पाहिला नव्हता, तरी आकडा सांगितला. ते वाक्य माझंही होतं.

तिच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं, चांगलं बोलले म्हणे, प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं, आणि नियम लावला. तपासनीस कयल झाली. पुढच्या मार्चपासून चिनी लीगही कयलकडे जाईल आणि मानसी शाळकरी पोरांचे सामने बोलेल. कयल संध्याकाळी घरी आली, दारातच रडायला लागली, आणि मानसीलाच तिची समजूत काढावी लागली. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो आणि साखर किती घातली ते विसरलो. तात्याला तिकडे पुढच्या वर्षी ठेवलं की नाही, ते कळायला अजून अवकाश आहे. त्याच्या नावापुढची चूक तेवढी गेली.

असोसिएशनला मी त्याच दिवशी फोन करून कळवलं, निरीक्षक दुसरा बघा. पलीकडून अध्यक्ष म्हणाले, सर, थट्टा करताय का. नाही, म्हणालो.

मंगळवारी मानसीने रजा घेतली आणि मला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. ही रजा तिला त्या आठवड्यात मागायला किती जड गेली असेल, ते मी विचारलं नाही. बाकावर नंबराची चिठ्ठी घेऊन बसलेली माणसं, तमिळ, तेलुगू, बंगाली, थोडी आमच्यासारखी. आमचा नंबर आला. खुर्चीत बसवून डावा डोळा झाकला आणि समोर अक्षरं आणि आकड्यांचा तक्ता लावला. तपासणारी मुलगी इंग्रजीत म्हणाली, वाचा.

वरची मोठी अक्षरं वाचली. दुसरी ओळ वाचली. तिसरीतली दोन अक्षरं डागाच्या कडेने पकडली. चौथी ओळ आली. तिथे काही गोल होतं, काही उभं होतं. आठही असेल, तीनही असेल. इतकी वर्षं अशा वेळी माझ्या तोंडून कोणतातरी आकडा निघालाच आहे, आणि मानसी माझ्या मागे उभी होती.

"दिसत नाही," मी म्हणालो. मैदानावर निर्णय द्यायचो तेवढ्याच मोठ्याने, की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून आत पाहायला लागली.